पंचेचाळीस ग्रॅमचं बटण

बंगळूर
३ फेब्रुवारी २०२५

आत्या, नमस्कार.

या पत्राबरोबर एक खोकं पाठवते आहे. ते उघडायच्या आधी पत्र वाचून घे.

खोक्यात आमचा नवा लॅपटॉप आहे. नाव ‘सारस’. गेल्याच आठवड्यात बाजारात आला. कंपनी लहान आहे, आम्ही सगळे मिळून साठ माणसं. त्यामुळे मागच्या पंधरा दिवसांत कुणाचं जेवणात लक्ष नाही. मी काय करते हे तू प्रत्येक दिवाळीत विचारतेस आणि मी नीट सांगत नाही. मी बटणं करते, आत्या. चार वर्षं एवढंच. बटण किती खोल जावं, किती जोराने दाबलं की अक्षर उमटावं, वर यायला किती वेळ घ्यावा, हे आम्ही चार जण ठरवतो.

लॅपटॉप बनवताना सगळं भांडण जागेचं असतं. बॅटरीवाल्यांना जाड बॅटरी हवी, म्हणजे दिवसभर चालेल. विक्रीवाल्यांना तो वहीसारखा पातळ हवा. बटणांना खाली जायला खोली हवी. एकाला अर्धा मिलिमीटर दिला की दुसऱ्याचा जातो. ‘सारस’मध्ये आम्ही बॅटरी मोठी ठेवली, पंखा काढून टाकला, वायरी जोडायची तोंडं दोनच ठेवली. स्क्रीन चकचकीत केली नाही, त्यामुळे दुकानात ती थोडी फिकी दिसते, पण उन्हात वाचता येते. वजन एक किलो दीडशे ग्रॅम.

आणि बटणं हलकी आहेत. पंचेचाळीस ग्रॅमचा भार पडला की अक्षर उमटतं. हे माझ्याबरोबर काम करणाऱ्या समीक्षाने ठरवलं. मला ते पहिल्यापासून फार मऊ वाटतं आणि आमचं त्यावरून दोन-तीनदा चांगलंच वाजलं आहे.

दुसरा लॉट जुलैत निघेल. त्यात काय बदलायचं ते पंधरा एप्रिलच्या बैठकीत ठरेल. इथे बटणं तपासणारी सगळी मुलं दोन बोटांनी टाइप करतात. पस्तीस वर्षं दहा बोटांनी मराठी टाइप करणारं माणूस मला एकच माहीत आहे. सहावीच्या सुट्टीत माझ्या हातांवर टॉवेल टाकून ‘आता खाली पाहशील तर पाह्य’ म्हणणारं.

महिनाभर वापर आणि खरं खरं लिही. फोनवर नको. फोनवर तू ‘बेस आहे, बेस आहे’ म्हणशील आणि मी जेवले का ते विचारशील.

मामाजींना नमस्कार.

तुझी
योगिनी

बुलढाणा
१७ फेब्रुवारी

योगिनी पोरी, तुले आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या लॅपटॉपवरच टाइप करून राह्यली आहे. चूक सापडली तर कळव.

खोकं दहा तारखेले आलं. ह्यांनी उघडलं. हाती घेऊन खालीवर करून पाह्यलं आणि म्हणाले, “एवढंसं? याच्यात इंजिन कुठं ठेवलं?” बत्तीस वर्षं एस.टी.त गेली, माणसाले दुसरं काही सुचत नाही. मग मांडीवर घेऊन बसले ते जेवणापर्यंत देईनात.

आता तू मांगतलं तसं खरं खरं.

वजनाले तोड नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपची पिशवी खांद्यावर घेऊन कोर्टाच्या फाटकापर्यंत जाताना मी दोनदा थांबत असे. हा पर्समध्ये टाकते आणि चालते. परवा तर ऑटोत बसल्यावर पर्स उघडून पाह्यली, वाटलं घरीच राह्यला.

बॅटरी. कोर्टाबाहेर आम्हा टायपिस्टायच्या टेबलांवर पत्रा आहे, पण लाइनचा भरोसा नाही. लाइन गेली की सगळे टायपिस्ट चहा पियाले उठतात. मी साडेदहाले सुरू केला, साडेपाचले बंद केला, तरी थोडी शिल्लक होती. शेजारच्या टेबलावरच्या गुलाबरावनं तीनदा येऊन पाह्यलं की मी कुठून वायर ओढली.

स्क्रीन फिकी वगैरे काही वाटत नाही. गुलाबरावच्या लॅपटॉपमध्ये दुपारी बारा ते तीन फक्त गुलाबराव दिसतो. तुझ्यात अक्षर दिसते.

आणि स्क्रीन जी मागं पूर्ण झोपते, ते कोणाच्या डोक्यातून निघालं? त्याले माझा नमस्कार सांग. आपल्या पिंपळगाव राजाचे रंगराव आले होते, वाटणीच्या अर्जासाठी. मी टाइप करून स्क्रीन आडवी केली आणि मशीन त्यायच्याकडे फिरवली. म्हातारा चष्मा लावून अक्षर अक्षर वाचत गेला आणि म्हणाला, “बाई, गट नंबर चुकला.” खरंच चुकला होता, त्यायनंच आधी चुकीचा सांगतला होता. मी पस्तीस वर्षांपासून लोकायले अर्ज वाचून दाखवते. सही करायच्या आधी अर्जदारानं सोता वाचला, असं फार कमी पाह्यलं. उभी स्क्रीन असली की माणूस टायपिस्टच्या मागं येऊन उभं राहायले लाजते. आडवी ठेवली की टेबलावर कागद ठेवल्यावानी, दोघंही वाकून पाहतो.

आता दोष. दोनच तोंडं ठेवली, त्यात माझ्या प्रिंटरची वायर जात नाही. गुलाबरावच्या पोरानं खामगावहून जोडायचा तुकडा आणून दिला. तो इतका लहान आहे की मी सुतळीनं पर्सले बांधून ठेवला. तुमच्यातल्या ज्यानं ही तोंडं कमी केली त्यानं कधी कोर्टात प्रिंट काढली नसेल. आणि वरून ऊन आलं की अंग तापते, हात ठेववत नाही. पंखा काढला म्हणून असेल. पण आवाज नाही, हेही आहे.

बटणांचं. पोरी, आवाजच येत नाही. मागच्या आठवड्यात एक माणूस समोर बसला, दहा मिनिटं झाली आणि म्हणते, “बाई, सुरू करा न.” मी दुसऱ्या पानावर होती! लोकायले टकटक ऐकू आली म्हणजे काम चालू आहे असं वाटते. आणि नरमही फार आहेत. बोट ठेवलं की अक्षर उमटते. आम्ही टाइपरायटरवर घडलेली माणसं, बोटाले काही तरी लढाई पाहिजे. मी तुझ्या जागी असती तर कडक ठेवली असती.

पण एवढ्या लहानशा डब्यात तुमी लोकायनं काय काय बसवलं, हे पाहून मी रोज थक्क होते. माझ्या भाचीनं बनवलं असं मी कोणाले सांगत नाही. ह्यांनी सगळ्यायले सांगून ठेवलं आहे.

वंदना आत्या

बंगळूर
२६ फेब्रुवारी

आत्या, नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते आधी जिन्यात उभी राहून वाचलं, मग जागेवर बसून, मग प्रेम सरांना वाचून दाखवलं. प्रेम सर आमचे मुख्य. मूळचे धुळ्याचे, त्यामुळे भाषांतर करावं लागलं नाही. ‘फक्त गुलाबराव दिसतो’ या वाक्यावर ते इतके हसले की शेजारच्या खोलीतली माणसं बाहेर आली. आडवी झोपणारी स्क्रीन त्यांचीच कल्पना. तिच्यामुळे बिजागरी जाड झाली म्हणून त्यांना कंपनीत फार ऐकून घ्यावं लागलं होतं. रंगरावांची गोष्ट त्यांनी मालकांना सांगितली. तुझा नमस्कार पोचला.

प्रिंटरच्या वायरीबद्दल तू म्हणतेस ते खरं आहे. दुसऱ्या लॉटमध्ये एक मोठं तोंड परत येणार, हे जवळजवळ ठरलं.

आणि आता माझा आनंद. बटणं! तू जे लिहिलंस ते मी आठ महिने ओरडून सांगते आहे. इंटरनेटवरच्या दोन परीक्षणांतही बटणं मऊ असल्याचं आलं. मी तुझ्या पत्राचा तो भाग मोठ्या अक्षरात छापून आमच्या खोलीत लावला: ‘बोटाले काही तरी लढाई पाहिजे.’ खाली ‘टायपिस्ट, अनुभव पस्तीस वर्षं’. समीक्षा तिच्या चाचण्यांचे आकडे सांगायला लागली, मी कागद चिकटवत होते. तिने कार्यालयातल्या तीस मुलांवर चाचण्या घेतल्या होत्या, आणि माझ्याकडे तू आहेस.

मी बैठकीत प्रस्ताव ठेवते आहे: पंचेचाळीसच्या जागी सत्तर ग्रॅम, आणि बटणाला थोडी जास्त खोली. त्यासाठी लॅपटॉप एक मिलिमीटर जाड होईल, बॅटरीतला अर्धा तास जाईल. पण टाइप करणाऱ्याला आपण काही तरी करतो आहोत असं वाटेल. हे मी सिद्ध केलं तर पुढच्या मॉडेलची सगळी बटणं माझ्याकडे येतील, असं सर म्हणाले.

हे तुझ्यामुळे, आत्या.

चूक शोधली. एकही नाही. दोन पानांत एकही नाही! माझ्या ऑफिसात असं कुणी नाही.

योगिनी

बुलढाणा
८ मार्च

योगिनी,

पत्र मिळालं. तुझी बढती होते आहे हे वाचून फार समाधान वाटलं. तुझ्या बाबालेही फोन करून सांगतलं. दादाची वांगी निघाली आहेत, तो गडबडीत होता, पण खूश झाला ते आवाजावरून समजलं.

बटणांचं तू पाहून घे. माझं एकटीचं काय ऐकायचं? मी एका टेबलावर बसणारी बाई. तीस मुलांवर त्या पोरीनं चाचण्या घेतल्या म्हणते, तर त्यात काही तरी असेलच. माझं वाक्य भिंतीवरून काढता आलं तर काढ.

कामं बरीच आहेत. बाकी ठीक.

वंदना आत्या

बंगळूर
१५ मार्च

आत्या,

एवढंसं पत्र? आणि एवढी नम्रता? मामाजींनी लिहून दिलं का?

वाक्य काढणार नाही. उलट आता पुरावा हवा आहे. सोबत दुसरा लॅपटॉप पाठवते आहे. बाहेरून तसाच, आत सत्तर ग्रॅमची बटणं. असे जगात फक्त सहा आहेत, त्यातला एक तुझ्या टेबलावर असेल. तू एकच कर: एखादा नेहमीचा लांब अर्ज घे, नावं बदल, आणि तोच मजकूर दोन्हींवर टाइप कर. दोन्ही पानं जशीच्या तशी छापून पाठव, दुरुस्त न करता. मोजपट्टीने मोजू म्हणजे समीक्षाचं समाधान होईल. नंतर कडक बटणांचा लॅपटॉप परत पाठवायचा आहे, त्याच्यावर बैठकीची भिस्त आहे.

वेळ लागला तरी चालेल, फक्त महिनाअखेर हातात पडावं.

योगिनी

बुलढाणा
२५ मार्च

योगिनी,

दोन्ही पानं सोबत जोडली आहेत. पहिलं नरम बटणांचं, दुसरं कडक बटणांचं. मजकूर एकच. दुरुस्त न करता पाठव म्हटलं, म्हणून हात लावला नाही.

मशीन खोक्यात घालून परत पाठवली आहे.

वंदना आत्या

बंगळूर
३ एप्रिल

आत्या,

हे पत्र कसं लिहावं ते मला कळत नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

तुझी पानं एकोणतीसला आली. पहिल्यात एक चूक. दुसऱ्या पानाकडे पाहून मला वाटलं छपाई बिघडली. ‘सविनय’मधला नुसता ‘न’ आणि वेलांटी उरली होती. ‘वादी’चा ‘ादी’ झाला होता. मी लाल पेन घेऊन बसले. चौऱ्याऐंशी अक्षरं गळलेली. आणि ती सगळी चारच: व, च, स, य.

तूच शिकवलेल्या टाइपरायटरच्या कळफलकावर ही चारही बटणं उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांखाली येतात.

मी धावत समीक्षाकडे गेले आणि म्हणाले, की कडक बटणांची उजवी बाजू सदोष आहे, कारखान्याने घोळ घातला. आम्ही तुझा लॅपटॉप उघडला. प्रत्येक बटण यंत्राने हजार हजार वेळा दाबून पाहिलं. हजारातलं एकही अक्षर गळलं नाही. बटणं ठणठणीत आहेत.

समीक्षाने दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि बराच वेळ पाहिली. मग हळूच म्हणाली, “योगिनी, तुझ्या आत्याचा हात दुखतो का?”

मी म्हणाले, “छे, काहीतरीच.” आणि मग मला तुझं दिवाळीतलं दिसायला लागलं. तू चहाचे कप दोन खेपांत आणलेस. मी वेणी घालून मागितली तर म्हणालीस, आता मोठी झालीस. मी तेव्हा फोनवर काही तरी पाहत होते.

आत्या, तुझा हात कसा आहे? बैठक पंधरालाच आहे, पण ते जाऊ दे. मी फोन लावणार होते, पण तू फोनवर ‘बेस आहे’ म्हणशील.

योगिनी

बुलढाणा
७ एप्रिल

योगिनी पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ह्यांले वाचून दाखवलं नाही.

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन वर्षांपासून बधिर आहेत. आधी मुंग्या यायच्या. मग जोर गेला. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, कोपराजवळ नस दाबली जाऊन राह्यली, ऑपरेशन करा. मी गोळ्या घेऊन परत आली आणि तो कागद शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवून दिला.

जुन्या लॅपटॉपची बटणं त्या बोटायनं दबत नव्हती. एका अर्जात तुले सापडली तशी अक्षरं गळायले लागली. एका बाईच्या अर्जात सासऱ्याचं नाव अर्धं उमटलं, तो अर्ज परत आला, तिले जळगाव जामोदहून पुन्हा यावं लागलं. तिनं मले काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर दिवाळी झाली आणि मी टेबलावर जायचं बंद केलं. कोणी विचारलं तर सांगतलं, आता घरी पाहावं लागते. येणारं माणूस गुलाबरावकडे जायचं. तुझं खोकं आलं तेव्हा मी तीन महिन्यांपासून घरीच होती.

त्या दिवशी तुझे मामाजी मशीन मांडीवर घेऊन बसले, ते मी सांगतलं. पण ते झोपल्यावर दुपारी मी काय केलं ते सांगतलं नाही. मी उघडलं आणि करंगळीनं ‘य’ दाबला. उमटला. मले वाटलं चुकून झालं. पुन्हा दाबला. मग ‘च’. मग मी एक पूर्ण अर्ज टाइप केला, कोणाचाच नाही, नुसता मनातला. सगळी अक्षरं होती. त्या बोटाले काही कळत नाही, बटण खाली गेलं की नाही तेही कळत नाही, पण नुसतं ठेवलं तरी अक्षर येते. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर गेली. टेबल स्वच्छ पुसलेलं होतं. गुलाबराव म्हणाला, “वंदनाबाई, लय दिवस लावले.” एवढंच.

मग तुले तसं काऊन नाही लिहिलं? नरम बटणं चांगली आहेत असं लिहिलं असतं तर कोणासाठी चांगली तेही लिहावं लागलं असतं. तू लिहिलं होतं, पस्तीस वर्षं दहा बोटांनी टाइप करणारं माणूस एकच माहीत आहे. मले त्या दहामधली दोन कमी करवेनात. म्हणून सगळे टायपिस्ट जसं बोलतात तसं बोलून टाकलं, लढाई पाहिजे वगैरे. वाटलं, एका म्हातारीच्या बोलण्यानं कोण मशीन बदलते?

तू बदलायले निघाली. मले लिहायचं होतं, पण मग तुझी बढती समोर आली.

कडक मशीन आली तेव्हा मनात आलं होतं की दुसरं पान पुन्हा नीट करून पाठवावं, डाव्या हातानं मदत घेऊन. कोणाले कळलं नसतं. पण मी कोर्टाच्या दारात बसते. पुरावा म्हणून मांगलेला कागद मी आजवर बदलला नाही. जे तोंडानं सांगता येईना ते कागदावर जाऊ दिलं.

तुझ्या बैठकीत जे खरं आहे ते सांग. माझ्यामुळे चुकीचं झालं असं सांगतलं तरी चालेल. फक्त दादाले इतक्यात नोको सांगू, तो वावर सोडून येऊन बसेल.

नरम ठेव पोरी.

वंदना आत्या

बंगळूर
१७ एप्रिल

आत्या, नमस्कार.

पत्र बाराला मिळालं. मी सगळ्यात आधी भिंतीवरचा कागद काढला.

परवा बैठक झाली. अकरा माणसं होती, मालकसुद्धा. माझा नंबर तिसरा. मी उभी राहून म्हणाले, “माझा प्रस्ताव मी मागे घेते. तो चूक होता.” प्रेम सर म्हणाले, “म्हणजे? साच्याचं काम सुरू करायला सांगितलंय आपण.” मी तुझं नाव घेतलं नाही, तुझं पत्रही काढलं नाही. फक्त दोन पानं पडद्यावर शेजारी शेजारी दाखवली आणि सांगितलं, की हे एकाच टायपिस्टने एकाच दिवशी लिहिलं आहे. तिच्या दोन बोटांत जोर नाही. डावीकडच्या बटणांवर ती नोकरी करू शकते, उजवीकडच्यांवर नाही. आणि हे मला आठ महिन्यांत सुचलं नाही, कारण मी फक्त माझ्या बोटांचं ऐकत होते.

मग मालकांनी विचारलं, “पंचेचाळीस हा आकडा आणला कुठून?” समीक्षा उठली. मला वाटलं, आता तीही एखादी गोष्ट सांगेल. तिची काही गोष्ट नव्हती. ती म्हणाली, “मी तीस जणांना सकाळी आणि संध्याकाळी टाइप करायला लावलं. सकाळी कुठलंही बटण चालत होतं. संध्याकाळी हात दमले की पंचेचाळीसवर चुका सगळ्यात कमी होत्या. मी हे फेब्रुवारीत सांगितलं होतं.” माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने खरंच सांगितलं होतं. मी तेव्हा तुझं वाक्य छापत होते.

बैठक संपल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “ठीक आहे,” आणि मग दोन मिनिटांनी परत येऊन म्हणाली, “ते दुसरं पान त्यांनी तसंच पाठवलं, ही मोठी गोष्ट आहे.” तुझं पत्र तिला दाखवावं असं फार वाटलं. तुला विचारल्याशिवाय दाखवणार नाही.

ठरलं ते असं. पंचेचाळीस ग्रॅम कायम. मात्र अक्षर उमटताना बोटाला बारीकसा टिचका जाणवेल आणि हवा असला तर लॅपटॉपमधून टकटक आवाज निघेल, कमीजास्त करता येणारा, म्हणजे तुझ्यासमोर बसलेल्या माणसाचीही सोय झाली. जाडी वाढणार नाही. बॅटरीतला अर्धा तास वाचला. प्रिंटरचं तोंड येणार. अंग तापतं त्यावर काही उपाय निघाला नाही. पंखा घातला तर जाडी वाढते, तेव्हा ते तसंच राहील. खरं सांगायचं तर या मशीनबद्दल मला इतकं प्रेम यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या मॉडेलची बटणं समीक्षाकडे गेली. सर म्हणाले, “दोन महिने गेले, योगिनी.” मग म्हणाले, “पण साचे कापायच्या आत बोललीस.” मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण समीक्षाच्या हाताखाली मी पुष्कळ शिकेन, असं मला आता वाटतं.

बाबांना मी सांगितलं नाही. पण तू सांग. आणि शिधापत्रिकेच्या पिशवीतला तो कागद बाहेर काढ. मी मेच्या दहाला येते. अकोल्याला आपण दोघी जाऊ.

योगिनी

बुलढाणा
४ मे

योगिनी पोरी, तुले खूप खूप आशीर्वाद.

माझं पत्र समीक्षाले दाखव. सगळं दाखव. आणि तिले सांग, बुलढाण्याले येशील तेव्हा माझ्या घरी उतरायचं.

मी अकोल्याले जाऊन आली. ह्यांले सांगतलं, तर हे उठून एस.टी.चं वेळापत्रक पाहायले लागले. नवीन डॉक्टर आहे, तरुण आहे. म्हणाला, लवकर आले असते तर बरं होतं. आता नस मोकळी करू, पुढं बिघडणार नाही, गेलेला जोर परत येईल की नाही ते सांगता येत नाही. मी म्हटलं, “न आला तरी माझ्याजवळ सोय आहे.” तारीख बारा मे मिळाली. तू येतेच आहे.

दादालेही सांगतलं. अपेक्षेपरमाणे दुसऱ्या दिवशी पाटी भरून भाजी घेऊन हजर. तीन दिवस राह्यला, रोज विचारायचा, “बोट हालते का?” चौथ्या दिवशी मीच हाकललं.

कालची गोष्ट सांगते. जळगाव जामोदच्याच, पण ती परत आलेल्या अर्जाची बाई नव्हे, सत्यभामाबाई म्हणून एक बाई टेबलावर आल्या. सत्तरीच्या असतील. वहिवाटीच्या खटल्यात त्यांचं निवेदन द्यायचं होतं, आणि त्याच दिवशी पाचच्या आत. त्या सांगतील, मी टाइप करायचं. निदान दहा पानं. आठ दिवसांआधी मी मान हलवून काम घेतलं असतं आणि मनात घाबरली असती. काल मी म्हटलं, “माय, माझ्या या दोन बोटांत जीव नाही. मले वेळ लागतो. शेजारी गुलाबराव आहेत, ते माझ्या दुप्पट वेगानं करतील.”

गुलाबराव ऐकत होता. त्यानं खुर्चीही पुढं सरकवून दिली.

बाई हालल्या नाहीत. म्हणाल्या, “मी सांगीन तसंच्या तसं लिहिणारी बाई कोण, असं मी गावात इचारलं. तुमचं नाव सांगतलं. बोटायचं कोणी काही सांगतलं नाही.”

“वेळ लागेल म्हटलं न.”

“हाव, तर लागू द्या. मले कुठं जायचं हाय?”

अकरा वाजता सुरू केलं. त्या सांगत होत्या, मधे थांबत होत्या, एकदा रडल्या, एकदा जावेबद्दल काही बोलल्या, मीच विचारलं की हे नको लिहू का, तर म्हणाल्या, लिहा. मी लिहिलं. जेवायले उठली नाही. गुलाबरावनं दोघींसाठी चहा पाठवला. मशीनचं अंग तापलं तशी मी खाली ओला रुमाल टाकला. करंगळी ठेवायची, अक्षर पाहायचं, पुढं जायचं. तीन वाजून वीस मिनिटांनी अकरा पानं झाली. मग मी स्क्रीन आडवी केली आणि त्यांच्याकडे फिरवली. त्यांले वाचता येत नव्हतं, पण त्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवत गेल्या आणि मी मोठ्यानं वाचत गेली. दोन चुका सापडल्या. सुधारल्या, पानं छापून त्यांचा अंगठा घेतला. गुलाबराव पानं घेऊन आत पळाला आणि पाचले दहा कमी असताना शिक्का मारलेली प्रत घेऊन आला.

जाताना बाई माझा उजवा हात हातात घेऊन उभ्या राह्यल्या. मले त्या दोन बोटांत काही समजत नाही, पण बाकीच्या तीन बोटांत समजलं.

टेबल अकरा तारखेपर्यंत चालू आहे. बारा तारखेपासून बंद राहील, तशी पाटी मी आजच टाइप करून लावली. खाली कारणही लिहिलं.

वंदना आत्या